तावाचे कर्तेपण

हातकागद ही लिहिण्या-छापण्याची केवळ सामग्री न राहता स्वतःच कलाकृती होऊ लागली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि या घडामोडीने एक जुना तात्त्विक प्रश्न पुन्हा उभा केला: जी वस्तू एकट्या माणसाच्या हातून सहसा होत नाही, तिचा कर्ता कोणाला म्हणावे? चित्राच्या बाबतीत हा प्रश्न सहज झाकला जातो, कारण रंग, कुंचला आणि कॅनव्हास तयार करणारे लोक दुकानाच्या पलीकडे राहतात आणि चित्रकाराच्या खोलीत त्यांपैकी कोणीच हजर नसतो. कागदशाळेत मात्र लगदा कुटणारा, साचा उचलणारा, ओला ताव कापडावर उतरवणारा आणि कल्पना घेऊन आलेला कलावंत हे सगळे एकाच हौदाभोवती उभे असतात, आणि तयार झालेल्या तावावर सही मात्र बहुधा एकाचीच असते.

या प्रश्नाच्या चर्चेत चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनजिल्हे आणणे आडवळणाचे वाटण्याचा संभव आहे. महाराष्ट्रातील हातकागदाची जुनी नावे जुन्नरची आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची आहेत. पूर्व विदर्भातील या जंगलाचा कागदाशी मोठा संबंध आला तो बांबूमुळे आणि बल्लारपूरच्या गिरणीमुळे. तरीही हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या दालनातून बाहेर पडून धर्मविचाराच्या आणि न्यायाच्या कक्षेत शिरतो तो याच जंगलात, कारण कागद करणाऱ्यांची गणती हौदापाशी थांबवायची की तंतू जिथून आला तिथपर्यंत न्यायची, हे येथे टाळता येत नाही.

प्रथम कागद कसा होतो ते पाहणे आवश्यक आहे. सुती चिंध्या, ताग, अंबाडी किंवा बांबू यांचे तंतू पाण्यात भिजवून, कुटून इतके मोकळे केले जातात की ते पाण्यात तरंगू लागतात. या मिश्रणाला लगदा म्हणतात. बारीक जाळीचा साचा हौदात बुडवून आडवा उचलला की पाणी जाळीतून गळते आणि तंतूंचा पातळ थर जाळीवर राहतो. तो थर कापडावर उतरवला जातो, अशा तावांची चळत दाबयंत्राखाली पिळली जाते, ताव वाळवले जातात, त्यांना खळ लावली जाते आणि जुन्या पद्धतीत गुळगुळीत दगडाने ते घोटले जातात. या सगळ्यात डिंक अनिवार्य नाही, हे विशेष आहे. तंतूतील सेल्युलोज या द्रव्याच्या रेणूंवर हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जोड्या असतात. पाणी तंतूंना एकमेकांजवळ आणते, आणि ते निघून गेल्यावर त्या जोड्यांमध्येच हायड्रोजन बंध निर्माण होऊन तंतू एकमेकांना धरून ठेवतात. जे पाणी तंतूंना जवळ आणते ते तयार वस्तूत जवळजवळ उरतच नाही, आणि तोच ताव पुन्हा पाण्यात टाकून ढवळला, तर तंतू परत सुटे होतात.

न्यायदर्शनाला ही वस्तू ओळखीची वाटली असती. कार्याची तीन कारणे सांगताना या दर्शनाने वस्त्राचे उदाहरण घेतले आहे, आणि अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या पाठ्यग्रंथातून ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. ज्यात कार्य वसते ते समवायी कारण, म्हणजे सुताचे धागे. त्या धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. आणि माग, धोटा, विणकर ही निमित्त कारणे. तावाला ही विभागणी लावली, तर तंतू पहिल्या वर्गात जातात, त्यांचा संयोग दुसऱ्या वर्गात, आणि हौद, साचा, पाणी व सगळे कारागीर एकजात तिसऱ्या वर्गात येतात. कारणांच्या या कोष्टकात सही करणारा आणि साचा उचलणारा यांच्यात पायरीचा फरक राहत नाही, दोघेही निमित्तच. निमित्तांमध्ये कर्ता वेगळा काढायचा, तर नैयायिक त्याची ओळख ज्ञान, इच्छा आणि प्रयत्न यांच्या आश्रयावरून पटवतात. परंतु हौदावर वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला लगदा किती दाट आहे याचे ज्ञान असते, ताव एकसारखा उतरावा ही इच्छा असते आणि साचा हलवण्याचा प्रयत्न तर सर्वस्वी त्याचाच असतो. कलावंताकडे कल्पना आहे म्हणून तोच कर्ता, हे म्हणणे या कसोटीवर टिकत नाही.

समकालीन कलेतील एक उदाहरण येथे उपयोगी पडते. अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांनी १९७३ मध्ये फ्रान्समधील आंबेर येथील जुन्या कागदशाळेत काम केले, आणि १९७५ मध्ये साराभाई कुटुंबाच्या आमंत्रणावरून ते अहमदाबादला आले. साबरमती आश्रमाशी जोडलेल्या कागदशाळेत तेथील कारागिरांसह त्यांनी ‘बोन्स’ आणि ‘युनियन्स’ या दोन मालिका केल्या. पहिलीत हातकागदाच्या ओल्या थरांमध्ये बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे बसवले आहेत. दुसरीत कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्यांचे पीठ, खडूची पूड आणि डिंक अशा, खेड्यातल्या भिंतीला शोभणाऱ्या मिश्रणाचे आकार दोर आणि बांबूला जोडले आहेत. न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली स्थापन झालेल्या ‘द्यू दोने’ या संस्थेने तर कलावंत आणि कागदकार यांची जोडी हेच आपल्या कार्यपद्धतीचे सूत्र ठरवले. याच दशकात कलावंत सोमनाथ होर यांनी शांतिनिकेतनात लगद्यापासून ‘वूंड्स’ ही मालिका घडवली, तिच्यात पांढऱ्या लगद्याच्या पृष्ठभागावरच व्रण उमटलेले आहेत. या सर्व कृती संग्रहालयांत पोचल्या त्या प्रामुख्याने एकेका नावाने. त्यामागे कोणाची लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. कलाव्यवहाराची नोंदवही एकाच नावासाठी आखलेली आहे, एवढेच.

भारतीय परंपरेची नोंदवही याहून उदार होती, असे म्हणण्याचा मोह आवरायला हवा. हस्तलिखित पोथीच्या शेवटी येणाऱ्या पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, लेखनिकाचे नाव, शक आणि गाव पुष्कळदा मिळते, पण कागद कोणी केला हे मिळत नाही. युरोपातील कागदावर निदान गिरणीचे जलचिन्ह असे. गवताच्या काड्यांच्या जाळीवर उचललेल्या देशी कागदावर तेही नाही. जुन्नर आणि कागजीपुरा येथील मुसलमान कागदी कारागिरांच्या हातचे ताव हिंदू मठांच्या पोथ्यांत आणि पेशव्यांच्या दप्तरात शिरले, आणि त्यांतून पारायणे झाली, पण त्या पुण्याच्या हिशेबात कागद्याचा वाटा कोणी मोजल्याचे दिसत नाही. अनामिकतेला निरहंकाराचे प्रमाणपत्र देणे सोपे असते, विशेषतः अनाम राहणारा माणूस दुसरा कोणी असेल तेव्हा.

कर्तेपणाचा अधिक खोल विचार भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, नाना प्रकारची करणे म्हणजे साधने, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव, म्हणजे माणसाच्या हातात नसलेले जे काही असेल ते. ज्ञानेश्वरांनी या पाचांचे विस्तृत विवरण केले आहे. कर्ता या यादीत आहे, पण पाचांतला एक म्हणून. आणि लगेच पुढे, जो स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी सदोष आहे, असा निर्वाळा येतो. अद्वैती भाष्यकार या निर्वाळ्याचा रोख निःसंग आत्म्यावर कर्तेपण लादण्याच्या चुकीकडे वळवतात, आणि अधिष्ठान या पदाचा अर्थही परंपरेने शरीर असा घेतला जातो. तो अर्थ व्यक्तीच्या कर्माला पुरेसा आहे. परंतु अनेकांनी मिळून केलेल्या कर्माला एक शरीर नसते. त्याचा आधार शोधायचा, तर ज्यावर ते सगळे उभे आहेत आणि जे नसेल तर कर्म सुरूच होणार नाही, तेथवर जावे लागते. अर्थाचा हा विस्तार भाष्यकारांचा नाही, हे मान्य करूनही तो करण्याजोगा आहे. कागदाच्या बाबतीत तो आधार म्हणजे जिथे तंतू वाढला ती भूमी.

वर्धा नदीच्या काठी, गोंड राजांची एकेकाळची राजधानी असलेल्या बल्लारपूर येथे करमचंद थापर यांच्या उद्योगसमूहाने १९४५ मध्ये कागद आणि पुठ्ठ्याची कंपनी स्थापन केली, जी १९७५ पासून बल्लारपूर इंडस्ट्रीज या नावाने ओळखली गेली. स्वातंत्र्योत्तर काळात देशातील मोठ्या कागद उत्पादकांत तिची गणना झाली, आणि तिच्या यंत्रांचा मुख्य घास दीर्घकाळ चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील बांबू हा होता. बांबू हे वस्तुतः गवत आहे. त्याचे बेट, ज्याला या भागात रांजी म्हणतात, दर पावसाळ्यात नवे कोंब टाकते. या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी घरोघर होते. बुरड समाजाची सुपे-टोपल्यांची उपजीविका बांबूवर आहे, घराचे कूड आणि शेताचे कुंपण त्याचेच आहे. जुने बांबू तोडून कोवळे राखले तर रांजी टिकते. सरसकट तोडली तर ती खुरटते. म्हणजे एकाच रांजीवर भाजीचा, टोपलीचा, कुडाचा आणि वर्गातल्या वहीचा हक्क एकाच वेळी चालून येतो, आणि त्यांतला सर्वांत दूरचा हक्कदार सर्वांत बलवान असतो.

हा दूरचा हक्कदार काय करतो याचे नीट अभ्यासलेले उदाहरण शेजारच्या कर्नाटकातील आहे. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला, तेव्हा दांडेलीच्या कागद गिरणीला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत असल्याचे, आणि बुरडकाम करणाऱ्यांना बाजारात त्याच बांबूसाठी कित्येक पटींनी अधिक मोजावे लागत असल्याचे त्यांनी दाखवून दिले. बांबू का घटतो आहे, या प्रश्नाला ठरलेले उत्तर होते: गावकरी आणि त्यांची गुरे. पाहणीत निघाले ते वेगळेच. तोड सोयीची व्हावी आणि वाढ मोकळी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी आवरण साफ केले जात होते, आणि ते गेल्यामुळे उघडे पडलेले कोंब जनावरे खात होती. गावकऱ्यांनी हे आधीच सांगितले होते.

या घटनेत कोंब खाणारे जनावर आहे, काटे साफ करणारा मजूर आहे, साफसफाईचा नियम लिहिणारा अधिकारी आहे, दर ठरवणारा करार आहे, कागद मागणारा वाचक आहे. पाच कारणांची यादी येथे चपखल बसते, आणि नेमका तेथेच तिचा धोका दिसतो. गीतेच्याच पुढच्या श्लोकात म्हटले आहे की ज्याच्या ठायी ‘मी केले’ असा भाव नाही, त्याने हत्या केली तरी तो तिने बांधला जात नाही. ज्ञानी पुरुषाच्या संदर्भात आलेले हे विधान संघटित व्यवहाराच्या हाती पडले की फार सोयीचे होते, कारण मोठ्या यंत्रणेत ‘मी केले’ असे कोणालाच वाटत नसते. कंपनीला अहंकार नसतो. म्हणून ती स्थितप्रज्ञ ठरत नाही.

तेव्हा कर्तेपणाच्या वाटणीत एक विषमता मानल्याशिवाय गत्यंतर नाही. श्रेयाच्या बाजूने पाहता कर्तेपण वाटले जाते, आणि जितक्यांत वाटावे तितके एकेकाचे कमी होते. ‘हे माझे’ म्हणण्याचा अधिकार पाच कारणांत विरघळतो, आणि तो विरघळावा हेच गीतेचे म्हणणे आहे. दायित्वाच्या बाजूने मात्र ही वजाबाकी लागू होत नाही. दहा जणांनी मिळून रांजी उजाड केली, तर प्रत्येकावर दहाव्या हिश्शाचा दोष येतो असे नव्हे. प्रत्येकाने ते न करता राहण्यासारखे होते आणि केले, म्हणून प्रत्येकावर तो पुरताच येतो. सहकार्याच्या कलेची स्तुती करताना बहुधा पहिली बाजूच मांडली जाते, आणि नावे वाटून घेतली की न्याय झाला असे समजले जाते. कॅटलॉगमध्ये कागदकाराचे नाव छापणे योग्यच आहे, पण तेवढ्याने कलावंताचा किंवा कागदकाराचा तंतूच्या उगमाशी असलेला हिशेब मिटत नाही.

दायित्व सामूहिक असूनही पुरते असू शकते का, या प्रश्नाला गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिलेले उत्तर तत्त्वज्ञांनी अभ्यासावे असे आहे. धानोरा तालुक्यातील हे छोटे गाव ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज, या घोषणेमुळे ओळखले जाते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावांशी जोडल्या गेलेल्या या प्रयोगात दोन गोष्टी पायाभूत आहेत: अभ्यासगट, ज्यात एखाद्या प्रश्नावर निर्णय न घेता फक्त समजून घेतले जाते, आणि ग्रामसभा, जिथे निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या सहमतीने होतो. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि त्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही कापलेला बांबू बाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन हे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. २०१३ मध्ये गावाने विनोबांच्या ग्रामदान विचाराला अनुसरून, १९६४ च्या राज्य कायद्याखाली आपली खाजगी शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला.

नैयायिक आणि बौद्ध यांचा एक जुना वाद येथे आठवतो. नैयायिकांच्या मते वस्त्र ही धाग्यांहून वेगळी, धाग्यांत वसणारी एक नवी वस्तू असते, जिला ते अवयवी म्हणतात. बौद्धांच्या मते धाग्यांचा समूह तेवढा खरा, वस्त्र हे सोयीचे नाव. बहुमताने चालणारी सभा बौद्धांचे म्हणणे सिद्ध करते: निर्णय हा हातांच्या बेरजेचा असतो आणि हरलेला गट ‘तो आमचा निर्णय नव्हता’ असे म्हणू शकतो. सहमतीच्या सभेत ही पळवाट बंद होते. सगळ्यांनी होकार दिल्याशिवाय निर्णय नाही, म्हणून झालेल्या निर्णयाचा भार प्रत्येकावर पुरता येतो, आणि तरी तो कोणा एकाचा नसतो. अशा सभेला अवयवी म्हणता येईल. ती मोडूही शकते, जसा ताव पाण्यात मोडतो. नैयायिकांचा अवयवी काही अमर नसतो.

मेंढ्यात हातकागद होतो असा याचा अर्थ नाही. बांबूचे तंतू मोकळे करायचे, तर त्यांना धरून ठेवणारे लिग्निन काढावे लागते, आणि ते सहज सुटत नाही: सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाच्या १६३७ मधील उद्योगविषयक ग्रंथात कोवळा बांबू शंभर दिवसांहून अधिक काळ पाण्यात भिजवून, मग चुन्यासह वाफवण्याची कृती दिली आहे, तर आधुनिक गिरणी हेच काम दाहक सोड्याच्या उष्ण द्रावणात काही तासांत करते. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्ध्याला स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, ज्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांनी वाहिली, हातकागदाला आपल्या कार्यक्रमात स्थान दिले. पुढे १९४० मध्ये पुण्यात त्यासाठी संस्थाही उभी राहिली, आणि आज देशातील हातकागद बव्हंशी कापड उद्योगातील सुती कातरणीपासून होतो, झाडापासून नव्हे. त्यामुळे हातकागद जंगल वाचवतो, हे विधान खरे असले तरी कातरणीचा कापूस कोणत्या शेतात, कोणाच्या कर्जावर पिकला, हा प्रश्न त्याने फक्त पुढे ढकलला जातो. आणि विदर्भात तो फार पुढे ढकलता येत नाही.

शेवटचा प्रश्न अधिष्ठानाविषयीचा आहे. जंगल हे कागदाचे एक कारण आहे असे मानले, तर त्याला सहकर्ताही म्हणावे का? काही समकालीन कलावंत नदीला, मातीला किंवा झाडाला सहकलावंत म्हणतात. हे म्हणणे भावपूर्ण असले तरी वर मांडलेल्या कसोटीवर ते अवघड ठरते: ज्याच्यावर दायित्व टाकता येत नाही आणि ज्याला नकार देण्याची सोय नाही, त्याला श्रेयाच्या यादीत बसवणे हा त्याची संमती परस्पर गृहीत धरण्याचा प्रकार होतो. गडचिरोलीच्या माडिया गोंडांमध्ये पंडुम नावाचे विधी आहेत. मोहफूल, आंबा, नवे धान अशा हंगामाच्या नव्या उपजाला हात लावण्यापूर्वी गाव एकत्र येऊन देवांना त्याचा पहिला वाटा देते, आणि तोपर्यंत ते उपज खाल्ले जात नाही. या विधीत जंगलाला भागीदार म्हटलेले नाही. घेणाऱ्याने आधी थांबावे, सगळ्यांनी मिळून थांबावे, आणि घेण्याची वेळ कोणा एकाच्या भुकेने किंवा एकाच्या कल्पनेने ठरू नये, एवढीच व्यवस्था त्यात आहे. सहकलावंत ही उपाधी जंगलाला काहीच मागू देत नाही. पंडुममध्ये निदान एक तारीख त्याच्या बाजूने राखलेली असते, आणि जी कागदशाळा आपला तंतू या जंगलातून आणू इच्छिते, तिला ही तारीख ग्रामसभेकडे विचारावी लागेल.